उत्तम टी-शॉट घडतो कसा? गोल्फ कोर्सच्या आखणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोल्फच्या एका फेरीत अठरा होल असतात. प्रत्येक होलचा पहिला फटका, म्हणजे टी-शॉट, ज्या ठरलेल्या जागेवरून मारतात त्या टीवर खेळाडू अठरा वेळा उभा राहतो. पुढचे सगळे फटके चेंडू जिथे थांबला असेल तिथून मारावे लागतात. तो गवतात रुतलेला असेल, उतारावर अडकलेला असेल किंवा वाळूत असेल, आणि यांपैकी काय होईल हे आधी कोणीच सांगू शकत नाही. टी-शॉट तेवढा निराळा आहे, कारण त्याची सुरुवात कोठून होणार हे कोर्सची आखणी करणाऱ्याला नक्की ठाऊक असते. म्हणूनच रचनाकाराचे कसब सर्वांत उघडपणे दिसते ते टीवर. या विषयावर नवे खेळाडू, क्लबांचे सभासद आणि नुसतेच कुतूहल असणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

टी-शॉट चांगला की वाईट हे तर खेळाडूच्या हातात असते. त्यात रचनाकाराचा संबंध काय?

येथे 'टी-शॉट' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. खेळाडूने मारलेला फटका हा एक अर्थ. टीवर उभे राहिल्यावर समोर मांडलेली परिस्थिती, म्हणजे फेअरवेची (आखूड कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याची) दिशा व रुंदी, बंकर (वाळूचे खड्डे), पाणी, उतार, वारा आणि या सगळ्यांतून सुचणारे पर्याय, हा दुसरा अर्थ. या लेखात दुसरा अर्थ अभिप्रेत आहे. अप्रतिम फटका अगदी सपाट, सरळ आणि नीरस होलवरही मारता येतो, आणि उत्तम आखलेल्या टी-शॉटवर अत्यंत वाईट फटकाही मारता येतो. आखणीचा दर्जा त्यावरून ठरत नाही.

मग एखाद्या टी-शॉटची आखणी उत्तम ठरते ती नेमकी कशामुळे?

माझ्या मते कसोटी एकच आहे. चेंडू फेअरवेच्या डाव्या अंगाला पडला की उजव्या, याने पुढच्या फटक्यात खरा फरक पडला पाहिजे. तो पडत नसेल तर समोर समुद्र असो वा दरी, टी-शॉट म्हणजे चेंडू पुढे सरकवण्याचे एक काम एवढेच उरते. याचाच अर्थ असा की टी-शॉटचा विचार टीपासून सुरू करून चालत नाही, तो ग्रीनपासून, म्हणजे ध्वज असलेल्या शेवटच्या बारीक कापलेल्या हिरवळीपासून, मागे यावा लागतो. ग्रीन कोणत्या कोनात वळलेले आहे, त्याचा उतार कोणीकडे आहे, त्याच्या कोणत्या बाजूला बंकर आहे, हे ठरले की फेअरवेची एक बाजू आपोआप मोलाची होते. त्या मोलाच्या बाजूलाच धोका ठेवला की खेळाडूपुढे खरा प्रश्न उभा राहतो.

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवरील १७वे होल, ज्याला रोड होल म्हणतात, हे याचे सर्वांत जुने आणि अजूनही सर्वांत बोलके उदाहरण आहे. तिथले ग्रीन लांबट, अरुंद आणि तिरके आहे. पुढच्या डाव्या बाजूला खोल बंकर आहे आणि पाठीमागे रस्ता. डावीकडून येणाऱ्या खेळाडूला बंकर आडवा येतो आणि बंकर ओलांडणारा चेंडू रस्त्यावर जाण्याची भीती असते. उजवीकडून मात्र ग्रीन त्याच्या लांबीच्या दिशेने सामोरे येते. परंतु फेअरवेची उजवी बाजू गाठायची तर टीवरून हॉटेलच्या आवारातील शेडवरून चेंडू न्यावा लागतो, आणि तिथे मैदानाची हद्द संपते. जो जितका हद्दीला चिकटून मारील, त्याचा दुसरा फटका तितका सोपा होईल. धोका आणि मोबदला यांचे हे गणित टीवर उभ्या असलेल्या माणसाला कोणीही समजावून सांगत नाही; पहिल्यांदा डावीकडे सुरक्षित मारून दुसऱ्या फटक्यावर फसल्यानंतर ते त्याचे त्यालाच उमगते.

लांबी हा येथे मुख्य मुद्दा नाही. कॅलिफोर्नियातील रिव्हिएरा येथील १०वे होल अवघे ३१५ यार्डांचे पार-४ (चार फटक्यांत पूर्ण करणे अपेक्षित असलेले होल) आहे आणि आजचे व्यावसायिक खेळाडू टीवरून थेट ग्रीनपर्यंत पोहोचू शकतात. जॉर्ज थॉमस यांनी १९२०च्या दशकात आखलेल्या या होलचे ग्रीन इतके निमुळते आणि तिरपे आहे की डावीकडून छोटा दुसरा फटका मारणाऱ्याला ते त्याच्या लांबीत मिळते, तर उजवीकडे गेलेल्याला त्याच्या अरुंद अंगावर चेंडू थांबवावा लागतो. जगातले सर्वोत्तम खेळाडू या छोट्या होलवर कोणता क्लब (फटका मारायची काठी) घ्यावा याबाबत एकमत करू शकत नाहीत, आणि माझ्या दृष्टीने आखणीला मिळालेली ती सर्वांत मोठी पावती आहे.

फेअरवे रुंद असला तर आव्हान उरते का? अरुंद फेअरवे म्हणजे चांगली परीक्षा नव्हे का?

हा समज खोलवर रुजलेला आहे आणि त्याला इतिहासही आहे. १९५१च्या यू. एस. ओपनसाठी रॉबर्ट ट्रेंट जोन्स यांनी मिशिगनमधील ओकलँड हिल्स या मैदानाची फेररचना केली, तेव्हा चेंडू पडण्याच्या टप्प्यात दोन्ही बाजूंनी बंकर आणून फेअरवे कंबरेसारखा आवळला. बेन होगन यांनी ती स्पर्धा जिंकली, पण चार फेऱ्यांनंतर त्यांची धावसंख्या पारपेक्षा सात फटके जास्त होती. ही परीक्षा खडतर होती यात शंका नाही. तरीही दोन्ही बाजूंनी सारखाच आवळलेला फेअरवे खेळाडूला एकच गोष्ट सांगतो: सरळ मार. विचार करण्याजोगे त्यात फारसे काही राहत नाही, हाताची अचूकता तेवढी तपासली जाते.

याच्या उलट टोकाला ओल्ड कोर्सचे पहिले आणि अठरावे होल आहे. या दोन होलांचा सामाईक फेअरवे सुमारे १३० यार्ड रुंद आहे. नवख्या माणसाला वाटते की येथे चुकणार तरी कसे. आणि खरोखरच पहिल्या टीवरून चेंडू हरवणे अवघड आहे. पण पहिल्या होलच्या ग्रीनला लागूनच स्विल्कन ओढा वाहतो, त्यामुळे त्या अवाढव्य हिरवळीवर नेमके किती अंतरावर थांबायचे हा प्रश्न टीवरच सोडवावा लागतो. रुंदीमुळे चेंडू सापडतो, खेळ पुढे सरकतो, आणि तरीही चांगली जागा व वाईट जागा यांतला फरक कायम राहतो.

नॉर्थ कॅरोलायनातील पाइनहर्स्ट नंबर २ या डोनाल्ड रॉस यांच्या मैदानावर कालांतराने फेअरवे आकसत गेले होते आणि कडेला दाट रफ (उंच गवत) वाढवले गेले होते. बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी २०१० व २०११ मध्ये ते रफ काढून टाकून फेअरवे पुन्हा रुंद केले आणि कडेला वाळू व रानगवत येऊ दिले. २०१४ मध्ये तिथे पुरुष व महिला या दोन्ही यू. एस. ओपन स्पर्धा लागोपाठच्या आठवड्यांत झाल्या. घुमटासारखी ग्रीन असलेल्या त्या मैदानावर रुंदी हा दिलासा ठरत नाही, कारण चुकीच्या कोनातून आलेला चेंडू ग्रीनवरून घरंगळून जातो. रुंदीला अर्थ येतो तो अशा ग्रीनमुळे. ग्रीन सपाट आणि सर्व बाजूंनी सारखे असेल तर मात्र रुंद फेअरवे खरोखरच कंटाळवाणा होतो, हे टीकाकारांचे म्हणणे मान्य करावे लागते.

रचनाकार तिरकस अडथळ्याला एवढे महत्त्व का देतात?

कारण आडवा अडथळा एकच प्रश्न विचारतो आणि तिरकस अडथळा अनेक. समजा टीसमोर एक ओढा काटकोनात आडवा वाहतो आणि तो ओलांडायला १८० यार्ड लागतात. ज्याला तेवढे जमते त्याच्या लेखी ओढा नसल्यासारखाच आहे आणि ज्याला जमत नाही त्याला थांबण्यावाचून पर्याय नाही. तोच ओढा तिरका वळवला, म्हणजे डाव्या टोकाला १५० यार्ड आणि उजव्या टोकाला २२० यार्ड, तर प्रत्येक खेळाडूला आपल्या कुवतीची रेषा निवडावी लागते. अधिक ओलांडणाऱ्याला ग्रीन जवळ मिळते. कमी ओलांडणाऱ्यालाही वाट असते, फक्त ती लांबची. शिवाय आजचा वारा, आजचा आत्मविश्वास आणि आजची धावसंख्या यांवर निवड बदलते, त्यामुळे एकच होल दोन दिवस सारखे खेळले जात नाही.

या कल्पनेचे सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे 'केप' होल. चार्ल्स ब्लेअर मॅक्डोनाल्ड यांनी लाँग आयलंडवरील नॅशनल गोल्फ लिंक्सच्या १४व्या होलला हे नाव दिले. मूळ अर्थ असा होता की ग्रीन भूशिरासारखे पाण्यात शिरलेले असावे. पुढे हे नाव टी-शॉटलाच चिकटले, आणि पाण्याचा जितका लचका तोडण्याची हिंमत कराल तितके अंतर वाचेल अशा तिरक्या टी-शॉटला लोक 'केप' म्हणू लागले. त्यांनीच आखलेल्या बर्म्युडातील मिड ओशन क्लबच्या पाचव्या होलवर उंच टीवरून सरोवर असेच तिरके ओलांडावे लागते. फ्लोरिडातील सॉग्रासचे १८वे होल पीट डाय यांच्या आखणीतले. तिथे टीपासून ग्रीनपर्यंत डाव्या हाताला पाणीच पाणी आहे, आणि त्यापासून दूर पळणाऱ्याला उजवीकडची झाडे नडतात.

पाणीच हवे असे मात्र नाही. रॉयल मेलबर्नच्या वेस्ट कोर्सवरील सहाव्या होलवर अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांनी उजवीकडे वळणाऱ्या होलच्या कोपऱ्यात, चढावर, बंकरांचा पुंजका ठेवला आहे. तो तिरका ओलांडला की ग्रीनकडे जाणारी वाट मोकळी होते; टाळला तर दुसरा फटका लांबतो. मला स्वतःला पाण्यापेक्षा वाळूचा तिरकस अडथळा अधिक आवडतो, कारण पाणी चूक पुसून टाकण्याची संधीच देत नाही, वाळू देते. आणि संधी असली की माणूस अधिक धाडस करतो.

फेअरवेच्या ऐन मध्यभागी बंकर ठेवणे अन्यायकारक नाही का? चांगल्या फटक्याला शिक्षा कशासाठी?

हा आक्षेप शंभर वर्षांहून जुना आहे. इंग्लंडमधील वोकिंग क्लबच्या चौथ्या होलवर विसाव्या शतकाच्या प्रारंभी स्टुअर्ट पेटन आणि जॉन लो यांनी फेअरवेच्या मध्यात बंकर खणले, तेव्हा सभासद चिडले होते. उजवीकडे रेल्वेमार्गाची हद्द, मध्ये बंकर. हद्दीला बिलगून मारावे की डावीकडे सुरक्षित जावे, हा प्रश्न त्यातून निर्माण झाला. ही कल्पना ओल्ड कोर्सच्या १६व्या होलवरील 'प्रिन्सिपल्स नोज' या बंकरसमूहावरून घेतलेली होती. टॉम सिम्पसन या तरुण सभासदाला त्या बंकरांमध्ये इतका रस निर्माण झाला की पुढे तो स्वतःच नामवंत रचनाकार झाला.

आक्षेपाचे उत्तर असे की फेअरवेच्या मध्यावर गेलेला फटका आपोआप 'चांगला' ठरत नाही. होलच्या दिशेने जाणारी सरळ रेषा माणूस सहजप्रवृत्तीने निवडतो. मॅक्स बेहर या अमेरिकन रचनाकाराने याच सरळ रेषेवर अडथळा ठेवावा असे प्रतिपादन केले. त्या अडथळ्याला वळसा घालताना सापडणाऱ्या वाटेत खेळाची खरी मोहिनी असते, असे त्याचे मत होते. स्कॉटलंडमधील कार्नूस्टी येथील सहाव्या होलवर मधल्या बंकरांच्या डावीकडे, हद्दीच्या कुंपणालगत फेअरवेची अरुंद पट्टी आहे. १९५३च्या (ब्रिटिश) ओपनमध्ये बेन होगन यांनी तीच पट्टी वापरली असे सांगितले जाते आणि आज त्या होलला 'होगन्स अ‍ॅली' हेच नाव आहे. उजवीकडे भरपूर मोकळी जागा असताना एखादा माणूस कुंपणाजवळची चिंचोळी वाट का धरतो, हे ज्याला कळले त्याला मधल्या बंकराबद्दल तक्रार उरत नाही.

बंकर किती खोल असावा हा वेगळा प्रश्न आहे. मधल्या बंकराची शिक्षा फार कठोर असेल तर सगळेच जण त्याच्या अलीकडे थांबतात आणि निवड संपते.

अडथळा नसताना नुसत्या जमिनीच्या उताराने उत्तम टी-शॉट तयार होऊ शकतो का?

होऊ शकतो, आणि तो बहुधा सर्वांत दीर्घकाळ टिकतो. अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनलचे १३वे होल डावीकडे वळणारे पार-५ आहे. डाव्या कडेने ओढा जातो, म्हणून लोक त्याविषयीच बोलतात. पण खरी गंमत जमिनीच्या उतारात आहे. उजवीकडे सुरक्षित मारलेला चेंडू उतारावर थांबतो, उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या पावलांपेक्षा चेंडू वर असतो, आणि अशा स्थितीतून मारलेला फटका डावीकडे वळण्याची शक्यता असते. दोन फटक्यांत ग्रीन गाठायचे तर तशाच बेताल उभे राहून ग्रीनसमोरचा ओढा ओलांडावा लागतो. ओढ्याजवळच्या डाव्या बाजूला जमीन त्या मानाने सपाट आहे. म्हणजे टीवर घाबरून उजवीकडे गेलेल्या माणसाकडून त्याची किंमत दुसऱ्या फटक्यावर वसूल केली जाते, तीही एकही बंकर न वापरता.

टीवरून सगळे दिसायलाच हवे का?

आजचे बहुतेक रचनाकार 'हो' म्हणतील, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ते रास्त आहे, कारण टेकडीपलीकडे पुढचा गट असू शकतो. परंतु जुन्या मैदानांवर चेंडू पडण्याची जागा न दिसणारे टी-शॉट विपुल आहेत. उत्तर आयर्लंडमधील रॉयल काउंटी डाउनवर अनेक टींवरून समोर वाळूची टेकडी आणि तिच्या माथ्यावर पांढरा रंग दिलेला एक दगड एवढेच दिसते. नवव्या होलवर चेंडू टेकडीपलीकडे जातो. माथ्यावर पोहोचल्यावर खाली पसरलेला फेअरवे आणि पलीकडचा स्लीव्ह डोनार्ड पर्वत एकदम सामोरा येतो. ते दृश्य टीवरूनच दिसले असते तर त्याची निम्मी मजा गेली असती.

माझे मत असे की न दिसणारा टी-शॉट एखाद्या मैदानावर एक-दोनदा शोभतो, मात्र दोन अटींवर: टेकडीपलीकडे पुरेशी रुंदी असावी, आणि दिशा दाखवणारी एखादी स्पष्ट खूण असावी. पलीकडे अरुंद फेअरवे आणि लपलेले पाणी असेल तर ती निव्वळ फसवणूक होते.

घाबरवणारे दृश्य हा चांगल्या आखणीचा भाग मानावा का?

मानावा, पण भीती आणि प्रत्यक्ष धोका यांत अंतर ठेवण्यातच कौशल्य आहे. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील मॅक्रिहॅनिशच्या पहिल्या टीवर डाव्या हाताला अटलांटिकचा किनारा असतो आणि चेंडू त्यावरून तिरका न्यावा लागतो. बघताना छातीत धडकी भरते. पण समुद्रकिनारा मैदानाच्या हद्दीतच आहे आणि चेंडू वाळूवर पडला तर तिथून खेळता येतो. उजवीकडे भरपूर जागाही आहे. बघायला भयंकर आणि खेळायला उदार, असे हे मिश्रण दुर्मीळ आहे.

याउलट उत्तर आयर्लंडमधील रॉयल पोर्टरशच्या पहिल्या होलवर दोन्ही बाजूंना हद्दीबाहेरची जमीन आहे. २०१९च्या ओपनमध्ये रोरी मॅकिलरॉय यांनी आपल्या घरच्या प्रेक्षकांसमोर पहिलाच फटका डावीकडे हद्दीबाहेर मारला आणि त्या पार-४ होलवर आठ फटके घेतले. तिथला फेअरवे काही अशक्यप्राय अरुंद नाही. दोन्हीकडच्या खुणा मनात बसल्या की खांदे आखडतात, एवढेच.

अंतराचा भास निर्माण करणे हेही याच कलेत मोडते. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी मूळचे डॉक्टर. बोअर युद्धात त्यांनी शत्रूला चकवणाऱ्या लष्करी मांडणीचा अभ्यास केला आणि ती दृष्टी मैदानांच्या आखणीत आणली. उंच उचललेली वाळूची कड टीवरून पाहताना ती ओलांडणे फार अवघड वाटते, प्रत्यक्षात पलीकडे बरीच हिरवळ असते.

झाडांचे काय?

थोडी झाडे, योग्य जागी. कॅलिफोर्नियातील पेबल बीचच्या १८व्या होलवर डावीकडे प्रशांत महासागर आहे आणि फेअरवेमध्येच उभी असलेली झाडे खेळाडूला समुद्राच्या बाजूला ढकलतात. हा झाडांचा उत्तम उपयोग आहे. दोन्ही बाजूंना सलग भिंतीसारखी लावलेली झाडे मात्र वर सांगितलेल्या आवळलेल्या फेअरवेचेच काम करतात, वर सावलीने गवतही मारतात. आणखी एक अडचण म्हणजे झाडे वाढतात. तीस वर्षांपूर्वी आखलेली रेषा आज फांद्यांनी बुजलेली असते.

वाऱ्याचा विचार कसा केला जातो?

प्रथम त्या जागेचा नेहमीचा वारा कोणत्या दिशेने वाहतो हे पाहिले जाते, आणि मग होलांच्या दिशा अशा फिरवल्या जातात की तो प्रत्येक वेळी निराळ्या कोनातून लागावा. स्कॉटलंडमधील मुइरफिल्ड येथे पहिले नऊ होल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बाहेरच्या कडेने जातात आणि उरलेले नऊ त्यांच्या आत उलट दिशेने फिरतात, त्यामुळे एकाच दिशेचा वारा सलग अनेक होल सोसावा लागत नाही. वाऱ्याविरुद्ध खेळायच्या टीवरून फार मोठे अंतर ओलांडायला लावू नये, हा साधा नियम आहे. तो मोडलेला अजूनही पाहायला मिळतो.

कमी अंतर मारणाऱ्या खेळाडूंसाठी तोच टी-शॉट उत्तम कसा राहील?

आखणीतला हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. पुष्कळ मैदानांवर पुढच्या टी म्हणजे उरलेल्या जागेत बसवलेला हिरवा चौकोन असतो. तिथून बंकर आवाक्याबाहेर राहतात, कोन बदलतो आणि मूळ प्रश्नच नाहीसा होतो. अमेरिकेत अ‍ॅलिस डाय यांनी महिला खेळाडूंसाठी पुढे आणि योग्य अंतरावर टी असाव्यात, त्याही एकापेक्षा अधिक, यासाठी दीर्घकाळ आग्रह धरला. त्यामागचे तत्त्व असे की अंतर कमी करावे, पण निवड कमी करू नये. मागच्या टीवरून जो बंकर २४० यार्डांवर आहे, तो पुढच्या टीवरून १५० यार्डांवर यावा, आणि शक्य तर त्याच तिरक्या कोनातून दिसावा.

मॅकेन्झी यांनी १९२० मध्ये मांडलेल्या तत्त्वांत एक असे होते की टीवरून धाडसाने ओलांडण्याजोगे अडथळे असावेत, परंतु दुबळ्या खेळाडूसाठी एखाद्या फटक्याच्या मोबदल्यात दुसरी वाट नेहमी खुली असावी. कॅलिफोर्नियातील सायप्रस पॉइंटच्या १६व्या होलवर हेच दिसते. समुद्रावरून सुमारे २३० यार्ड मारून ग्रीन गाठता येते किंवा डावीकडच्या जमिनीवर सुरक्षित थांबता येते. हे अंतर ओलांडता येणार नाही असे आधीचे रचनाकार सेथ रेनर यांचे मत होते, तेव्हा मॅरियन हॉलिन्स या कसलेल्या महिला खेळाडूने तिथेच चेंडू ठेवून तो पलीकडे मारून दाखवला, अशी कथा प्रसिद्ध आहे.

चेंडू आता फार लांब जातो. जुने टी-शॉट निरुपयोगी झाले का?

काही झाले. १९८० मध्ये पीजीए टूर या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धामालिकेतील टी-शॉटचे सरासरी अंतर २६० यार्डांच्या आत होते, आता ते ३०० यार्डांच्या आसपास आहे. जे बंकर एकेकाळी निर्णय घ्यायला लावत, त्यांच्यावरून चेंडू आज सहज उडून जातो. टी मागे नेणे हा प्रचलित उपाय आहे: रोड होलची टी २०१०च्या ओपनसाठी मागे नेऊन होल ४९५ यार्डांचे करण्यात आले, आणि ऑगस्टाच्या १३व्या होलची टी २०२३ मध्ये ३५ यार्ड मागे गेली, त्यामुळे ते ५४५ यार्डांचे झाले. जागा आणि पैसा असलेल्या क्लबांना हे परवडते. इतरांना नाही.

पण नीट पाहिले तर अंतरावर उभारलेले टी-शॉट जुने झाले, कोनावर उभारलेले झाले नाहीत. तिरके ग्रीन आजही तिरकेच आहे. २००० मध्ये टायगर वूड्स यांनी ओल्ड कोर्सवरील ओपन आठ फटक्यांच्या फरकाने जिंकली, तेव्हा चार फेऱ्यांत ते तिथल्या ११२ बंकरांपैकी एकातही गेले नाहीत. त्या काळातल्या सर्वांत लांब मारणाऱ्यांपैकी एकाने ते मैदान वाटा निवडून जिंकले.

पार-३ होलवरचा टी-शॉट याच कसोट्यांवर तपासावा का?

अंशतः. तिथे लक्ष्य ग्रीनच असल्याने फेअरवेचा कोन गैरलागू ठरतो. ग्रीनच्या कोणत्या भागात उतरायचे आणि चुकायचे झाले तर कोणत्या बाजूला, हा प्रश्न उरतो. तो स्वतंत्र विषय आहे.

टीची जागा स्वतः कशी असावी?

१७४४ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथे लिहिल्या गेलेल्या तेरा नियमांपैकी पहिला असा होता की चेंडू आधीच्या होलपासून एका क्लबच्या लांबीच्या आत ठेवून मारावा. म्हणजे त्या काळी ग्रीन आणि टी एकच होती! आज टीवरील खुणांपासून मागे दोन क्लब लांबीच्या आयतातून चेंडू मारता येतो.

टी दिसायला सपाट असावी, तरी पाणी निचरा होण्यापुरता अत्यंत सौम्य उतार तिला द्यावा लागतो. पार-३ होलची टी मोठी हवी, कारण तिथे लोखंडी क्लबने गवताचे ढलपे निघतात आणि खुणा रोज हलवाव्या लागतात. टीच्या कडा कोणीकडे रोखलेल्या आहेत याकडेही लक्ष द्यावे. आयताकृती टीच्या कडा नकळत खेळाडूचे खांदे आपल्या दिशेने वळवतात. काही रचनाकार त्या मुद्दाम चुकीच्या दिशेला रोखतात. मला ही युक्ती क्षुद्र वाटते. बरेचदा तर ती युक्तीही नसते, गवत कापणाऱ्याने वर्षानुवर्षे रेषा थोडी थोडी सरकवलेली असते.

पहिल्या होलचा टी-शॉट सोपाच असावा का?

सोपा नसला तरी रुंद असावा. पहिल्या टीवर चेंडू हरवू लागले की मागे रांग लागते आणि ती दिवसभर सुटत नाही. पोर्टरशसारखे अपवाद आहेत, पण ते जुन्या जागेने लादलेले आहेत. पार-३ वगळता साधारण चौदा टी-शॉट उरतात. त्यांत डावीकडे वळणारे, उजवीकडे वळणारे, ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारा क्लब) बॅगेतच ठेवायला लावणारे आणि मोकळेपणाने मारू देणारे असे सगळे यावेत. उजव्या हाताने खेळणाऱ्या बहुतेक हौशी खेळाडूंचा चेंडू उजवीकडे वळतो, म्हणून सगळे धोके उजवीकडेच ठेवणे हा आळशीपणा आहे. त्याने आधीच बेजार असलेल्याला आणखी बेजार केले जाते.

अनोळखी मैदानावर एखादा टी-शॉट उत्तम आहे की नाही हे कसे ओळखावे?

टीवरून ओळखणे कठीण आहे. होल पूर्ण झाल्यावर, ध्वज परत लावून पुढच्या टीकडे निघण्यापूर्वी, ग्रीनवरून वळून फेअरवेकडे पाहावे. ग्रीन कोणत्या जागेकडे तोंड करून आहे हे तिथून स्पष्ट दिसते. त्या जागेपाशी बंकर, ओढा किंवा हद्दीचे कुंपण दिसले आणि आपला चेंडू तिथून चाळीस पावले दूर पडला होता हे लक्षात आले, तर पुढच्या खेपेस त्या टीवर आपण निराळ्या रेषेवर उभे राहू.